ज्याच्या दावणीला गाय नाही, त्याची बुरशी



मागच्या रब्बीत धुळे तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपल्यावर वस्तीतल्या एका आबांनी मला थांबवले आणि घरात नेले. दोन एकर खंडाने घेतलेले, नावावर एक गुंठाही नाही, उमेदीची वीस वर्षे सालदारकीत गेलेली. दुसऱ्या दिवशी हरभरा पेरायचा होता. कृषी केंद्रातून आणलेले ट्रायकोडर्माचे एक किलोचे पाकीट त्यांनी माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही शिकेल शेतस. हाई जित्ती शे का मरेल, तेवढं सांगा."

मी पाकीट उलटसुलट करून पाहिले. नाव होते, किंमत होती, बॅच नंबर होता, उत्पादनाची तारीख फेब्रुवारीची होती आणि मुदत संपायला अजून तीन महिने बाकी होते. आतली बुरशी जिवंत आहे की नाही, हे मात्र त्यावरून कळत नव्हते. समाजशास्त्रात एम. ए. केलेल्या मला काहीच सांगता आले नाही. आबांना सकाळी पेरायचे होते. त्यांनी तीच पावडर बियाण्याला चोळली आणि पेरले.

मी पाकिटातली चमचाभर पावडर कागदात बांधून घरी आणली. अर्धवट शिजवून निववलेला भात दोन स्वच्छ वाट्यांत घेतला. एका वाटीत आबांची पावडर भुरभुरली, दुसऱ्या वाटीत ओळखीच्या एका शेतकऱ्याकडची ताजी पावडर. दोन्ही वाट्या झाकून सावलीत ठेवल्या. पाचव्या दिवशी दुसरी वाटी हिरवीगार झाली होती आणि तिला ओल्या खोबऱ्यासारखा वास येत होता. आबांच्या वाटीत पिवळसर चिकटा आणि दोन काळे ठिपके, बाकी काही नाही. ही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, हे मला मान्य आहे. हिरवे दिसणारे सगळेच ट्रायकोडर्मा नसते, दुसऱ्या बुरश्याही हिरव्या असतात. पण आबांच्या प्रश्नाचे ढोबळ उत्तर त्या वाटीने दिले होते, पेरणी झाल्यानंतर पाच दिवसांनी.

जानेवारीत त्यांच्या हरभऱ्यात मर दिसली. जागोजागी झाडे पिवळी पडून माना टाकून वाळली. सगळा दोष पाकिटाचा, असे मी म्हणणार नाही. त्या जमिनीत सलग तिसऱ्या वर्षी हरभरा होता आणि मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे राहते. पण पीक बदला, हे ज्याच्या सातबाऱ्यावर नाव आहे त्याला सांगणे सोपे असते. खंडवाला एकेका वर्षाच्या बोलीवर जमीन कसतो.

चळवळीतले काही सहकारी म्हणतील, ताई, हा कृषी खात्याचा विषय, आपल्याला अत्याचाराची प्रकरणे पडली आहेत, शिष्यवृत्तीचे प्रश्न पडले आहेत, बुरशीचे काय घेऊन बसलात? मला हा विषय आपला वाटतो. का वाटतो, ते सांगण्यासाठी आधी पाकिटात काय असते ते पाहावे लागेल.

बुरशी म्हटले की आपल्याला शिळी भाकरी आणि लोणच्यावरचा पांढरा थर आठवतो. फेकून द्यायची वस्तू. ट्रायकोडर्मा ही मातीत राहणारी, दुसऱ्या बुरशीवर जगणारी बुरशी आहे. रोग करणाऱ्या बुरशीच्या धाग्यांना ती वेढा घालते आणि त्यांना खाते. वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने 1932 साली हे दाखवून दिले होते. हरभऱ्याची मर, कपाशीची मूळकूज, रोपवाटिकेतली रोपे कोलमडणे अशा मातीतून येणाऱ्या बुरशीजन्य रोगांवर तिचा उपयोग होतो. केळीवरच्या विषाणूवर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सीएमव्ही म्हणतात त्यावर, तिचा काही उपयोग नाही. त्यासाठी ती कोणी गळ्यात मारत असेल तर तो फसवतो आहे.

कारखान्यात ही बुरशी वाढवतात, तिचे बीजाणू गोळा करतात, शंखजिऱ्याच्या भुकटीत म्हणजे टाल्कमध्ये मिसळतात आणि वाळवतात. सगळी मेख या वाळवण्यात आहे. बीजाणू म्हणजे झोपलेला जीव. तो पुरेसा कोरडा असला की त्याचे आतले व्यवहार जवळजवळ थांबतात आणि तो महिनोन्महिने तग धरतो. ओलावा राहिला तर तो अर्धवट जागा होतो, आत साठवलेली शिदोरी खाऊ लागतो, बाहेर अन्न नसते आणि पाकिटातच संपतो. घाईने, जास्त उष्णतेवर वाळवला तर वाळतानाच मरतो. कडक उन्हातले किरणही त्याला मारतात. म्हणून सावलीत, पातळ थरात, खेळत्या कोरड्या हवेत, साधारण पस्तीस अंशांच्या आत हळूहळू वाळवायचे आणि वाळले की लगेच हवाबंद करायचे. नाहीतर वाळलेली भुकटी हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते.

कीटकनाशक कायदा 1968 चा. त्याखाली नोंदणी झालेल्या ट्रायकोडर्मा पावडरीत एका ग्रॅमला किमान 20 लाख जिवंत बीजाणू हवेत आणि ओलावा 8 टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा निकष आहे. 20 लाख हा आकडा प्रचंड वाटतो. जरा हिशेब करून पाहा. किलोभर बियाण्याला 5 ग्रॅम पावडर, म्हणजे एक कोटी बीजाणू. किलोभर हरभऱ्यात साधारण पाच हजार दाणे. एका दाण्याच्या वाट्याला आले दोन हजार. त्यातले दहापैकी नऊ साठवणुकीत मेले की उरले दोनशे. तेवढ्यांनी जमिनीतल्या मरच्या बुरशीशी लढायचे.

आता हे पाकीट खानदेशात आणून ठेवू या. भुसावळ-जळगावचा मे महिना कसा असतो, ते मी सांगायला नको. पारा 45 च्या वर जातो, पत्र्याच्या दुकानात आणि मागच्या गोदामात त्याहून जास्त. फेब्रुवारीत तयार झालेले पाकीट खरिपाच्या पेरणीला विकले जाते तेव्हा ते हा मे महिना काढून आलेले असते. खरिपात खपले नाही तर पावसाळ्याची दमट हवा खाऊन ऑक्टोबरमध्ये हरभऱ्यासाठी पुढे केले जाते. कोणत्याही हंगामात घ्या, एक तर उष्णतेचा मार बसलेला असतो किंवा उष्णता आणि ओल दोन्हींचा. पाकिटावर "थंड व कोरड्या जागी ठेवा" असे छापलेले असते. ती थंड जागा दुकानात कुठे आहे, हे कोणी विचारत नाही. गंमत अशी की वाळवायला खानदेशाइतकी चांगली हवा शोधून सापडणार नाही. फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा या कामासाठीच बनली आहे असे वाटावे. वाळवायला आपला फाल्गुन उत्तम आणि ठेवायला आपला वैशाख वाईट.

थंड जागा जिल्ह्यात नाहीच, असेही नाही. रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळीसाठी शीतगृहे आहेत. आखातात जाणारी केळी 13-14 अंशांवर जपली जाते. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. चांगलेच झाले, माझी तक्रार केळीबद्दल नाही. पण ज्या जिल्ह्याला फळ थंड ठेवायचे तंत्र आणि पैसा सापडतो, त्या जिल्ह्यात शंभर-दोनशे रुपयांच्या जिवंत पाकिटाला कपाटभर थंडावा मिळत नाही, याचे कारण तंत्रज्ञानात शोधू नका. त्या पाकिटाचे गिऱ्हाईक कोण आहे, ते पाहा.

आणि जुने पाकीट कोणाच्या पदरी पडते? नगदी पैसे मोजणारा बागायतदार मालाची तारीख पाहतो, खोके फोडायला लावतो, नाही पटले तर थेट कंपनीच्या माणसाला फोन लावतो. उधारीवाला शेवटी येतो आणि दुकानदार हात घालेल ते घेतो. आबांना मी विचारले, तारीख पाहिली होती का? ते म्हणाले, "उधारीना माणूस तारीख काय दखी, ताई?" जातीची उतरंड गावकुसावर संपते असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा जूनमध्ये कृषी केंद्राच्या गल्ल्यापाशी तासभर उभे राहावे.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांशी. नैसर्गिक शेतीवाले म्हणतात, हे विकतचे पाकीट हवेच कशाला? देशी गाय ठेवा, शेण-गोमूत्राचे जीवामृत करा, बाजाराची गुलामी संपवा. सुभाष पाळेकरांचे प्रसिद्ध गणित आहे, एका देशी गायीवर तीस एकर. ऐकायला स्वावलंबी वाटते. पण ती गाय कोणाच्या दावणीला आहे? गोठ्याला जागा, चाऱ्याला बांध, पाण्याला विहीर असलेल्याच्या. आमच्या वस्तीत घरामागे हातभर जागा नाही, तिथे दावण बांधायची कुठे? कृषी विभागही ट्रायकोडर्मा वाढवायची एक चांगली पद्धत सांगतो: शंभर किलो कुजलेल्या शेणखतात किलोभर पावडर मिसळायची, ओल टिकवायची, सावलीत झाकून आठ-पंधरा दिवस ठेवायची आणि मग शेतात टाकायची. पद्धत खरी आहे. यात बुरशी ताजी वाढते आणि पाकिटातली थोडीफार तूट भरून निघते. पण त्यासाठी शेणखत लागते आणि भूमिहीनाला ते ट्रॉलीच्या भावाने विकत घ्यावे लागते, तेही मालकाने दिले तर.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की वाळवलेली, टिकणारी पावडर हे ज्याच्याकडे गाय नाही, गोठा नाही, ट्रॉली नाही, गोदाम नाही, त्याचे साधन आहे. एकरभर हरभऱ्याला तीस किलो बियाणे आणि त्याला दीडशे ग्रॅम पावडर. पिशवीत टाकून पायी नेता येते. शास्त्राने गरिबाच्या खिशाला आणि खांद्याला झेपेल अशी जी मोजकी साधने तयार केली, त्यातले हे एक. ते मेलेले निघाले तर बड्या शेतकऱ्याचे काही बिघडत नाही, त्याच्याकडे दुसरे उपाय असतात. आबांकडे नसतात.

बाबासाहेबांनी 1918 मध्ये भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. त्या वेळी सगळे म्हणत होते, शेताचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती परवडत नाही, तुकडे जोडा. बाबासाहेबांनी प्रश्नच फिरवला. शेत मोठे की छोटे यावरून ते परवडणारे की न परवडणारे ठरत नाही, त्या जमिनीला भांडवल आणि साधनांची जोड किती प्रमाणात मिळते यावर ठरते. आज शंभर वर्षांनंतर आबांच्या दोन एकरांकडे पाहताना मला हाच निबंध आठवतो. जमीन कमी आहे हे दुखणे आहेच. महार वतने रद्द करणारा कायदा 1958 मध्ये झाला, 1959 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह खानदेशातही झाला, आणि तरी आबा खंडानेच कसतात. पण जी दोन एकर हातात आहे तिला मिळणारे साधनही मेलेले असेल, तर बाबासाहेबांचे गणित दोन्हीकडून हरते.

सरकारी योजनांत या साधनाला जागा कुठे आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांना विहीर, पंपसंच, वीजजोडणी, शेततळ्याचे अस्तरीकरण, सूक्ष्म सिंचन मिळते. चांगली योजना आहे, पण सातबारा नावावर हवा. खंडवाला बाहेर. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. 2481 कोटींची तरतूद आणि देशभरात 10,000 जैव-निविष्ठा केंद्रे. या केंद्रांचा रोख पुन्हा जीवामृत-बीजामृताकडे, म्हणजे पशुधन असलेल्याकडे. त्यातले एखादे केंद्र वस्तीत उघडणार आहे का, तिथे बीजाणू वाळवायची, ओलावा मोजायची आणि थंड ठेवायची सोय असणार आहे का, हे ग्रामसभेत उभे राहून विचारायला हवे.

यावर आपले लोक लगेच म्हणतात, मग आपल्या बायकांनीच बनवावी पावडर! मीही तेच म्हटले होते. खानदेशातल्या बाईला वाळवण काय शिकवायचे? बिबडे, कुरडया, पापड, मिरच्या, सगळा उन्हाळा गच्चीवर जातो. आमच्या गटातल्या पाच जणींनी मागच्या वर्षी प्रयत्न केला. प्रयोगशाळेतून मूळ बुरशी आणली, कुकरमध्ये वाफवलेल्या तांदळावर ती पिशव्यांत वाढवली. दहा-बारा दिवसांत तांदूळ हिरवा झाला तेव्हा सगळ्या हरखल्या. मग आमचे वाळवणाचे ज्ञानच आडवे आले. एका मावशींनी तो तांदूळ कुरडयांसारखा गच्चीवर उन्हात पसरला. दोन दिवसांत खडखडीत वाळला आणि भाताच्या वाटीत टाकला तर काहीच उगवेना. दुसऱ्या खेपेला खोलीत, सुती कापडावर, पंख्याखाली वाळवला. या वेळी बुरशी जगली, पण चाळताना हिरवी धूळ अशी उडाली की दोघी दोन दिवस खोकत होत्या. बीजाणूंची कोरडी धूळ छातीत जाते, चाळणाऱ्या बाईला चांगला मास्क हवाच, हे आम्हाला खोकल्यानंतर कळले. याची लाज मला आजही वाटते. कष्टकरी बाईच्या फुप्फुसावर उभी राहणारी "जैविक" शेती कोणत्या तोंडाने सांगायची?

त्यामुळे माझे मत बदलले आहे. स्वतःच्या शेतापुरती, त्याच आठवड्यात वापरायची असेल तर गटाने बुरशी जरूर वाढवावी. तिथे वाळवायची गरजच नाही, हिरवा तांदूळ पाण्यात धुऊन ते पाणी बियाण्याला लावले की झाले. कायद्यातही स्वतःच्या कसणुकीतल्या जमिनीवरच्या वापराला सूट आहे. विकायची म्हटली की नोंदणी हवी, परवाना हवा आणि तो असायलाच हवा, कारण उद्या आपल्याच गटाने दुसऱ्या एखाद्या आबांना मेलेली पावडर विकू नये. महिनोन्महिने टिकणारी पावडर हे घरच्या पंख्याचे काम नाही. ओलावा मोजणारे यंत्र, आर्द्रता सांभाळणारी खोली, हवा न शिरणारे पाकीट, बीजाणू मोजणारा माणूस, हे सगळे लागते. धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे, दोन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. हे त्यांचे काम आहे, आणि ते आपल्या करातून चालतात.

जमत नाही असे कोणी म्हणू नये. आफ्रिकेत 1989 पासून टोळधाडीविरुद्ध अशाच एका बुरशीवर, मेटारायझियमवर, मोठा प्रकल्प चालला. साहेलच्या वाळवंटी उष्णतेत बीजाणू जगवायचे होते. त्यांनी ओलावा पाच टक्क्यांच्या आसपास उतरवला, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर बंद पाकिटात ठेवला आणि बुरशी टिकवली. साहेलमध्ये जे झाले ते साक्री-शिरपूरमध्ये का होऊ नये?

मागणी साधी आहे. पाकिटातली संख्या कारखान्यातून निघताना मोजलेली असते. ती दुकानाच्या फळीवर, मे महिन्यानंतर मोजा. कायद्याने निरीक्षकाला नमुने घ्यायचा अधिकार दिलेला आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑक्टोबरमध्ये तालुक्यातल्या दुकानांतून जैविक पाकिटांचे नमुने उचला आणि ग्रॅमला किती जिवंत निघाले ते पेरणीच्या आत पंचायतीच्या फलकावर लावा. ज्याला जिवंत माल विकायचा आहे त्याने दुकानात थंड कपाट ठेवावे, नाहीतर विकू नये.

हे न झाल्याची किंमत कोण मोजतो, तेही बोलले पाहिजे. जैविक पावडर लागू पडली नाही की शेतकऱ्याचा विश्वास उडतो आणि तोच दुकानदार त्याला विषाची बाटली देतो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक जण गेले. त्यांत शेतकरी होते आणि रोजाने फवारणारे शेतमजूरही होते. खानदेशातही कपाशी आहे आणि पाठीवर पंप घेऊन रोजाने जाणारी पोरे बहुतेक आपल्या आणि भिल्ल वस्तीतलीच आहेत. एक मेलेले पाकीट आणि त्या पोराचा पंप यांत अंतर फार नाही.

या वर्षी आम्ही एक करणार आहोत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास विहारात सगळे जमतात आणि हरभऱ्याची पेरणी त्यानंतर सुरू होते. त्याच्या आठवडाभर आधी ज्याने त्याने आपले पाकीट विहारात आणायचे, वाटीत भात घालायचा, वर पावडर टाकायची, वाटीवर नाव आणि पाकिटाची तारीख लिहायची. पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर झाकणे उघडायची. ज्या वाट्या हिरव्या होणार नाहीत त्यांची पाकिटे आणि पावत्या घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जायचे आणि रीतसर नमुना घ्यायची लेखी मागणी करायची. त्यासाठी पावती हवी, आणि उधारीवाल्याला पावती मिळत नाही, ही आमची पहिली अडचण आहे. आबांनी या खेपेला पाकीट पंधरा दिवस आधी आणायचे कबूल केले आहे. पावतीसाठी दुकानदाराकडे मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.